रंगाचं कोटेशन मागवण्याआधी ओलीची वही उघडा

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर रंगकामाची कोटेशनं येऊन पडतील. चौरस फुटाचा दर, टेक्श्चरचे नमुने, काही वर्षांची हमी. त्यातल्या एकावर सही होण्याआधी हे पत्र वाचलं जावं, म्हणून ते आत्ता, पाऊस चालू असताना लिहिते आहे. जे पाहायचं आहे ते याच दिवसांत दिसतं. ते लिहून ठेवायची वही, तीच शीर्षकातली ओलीची वही.

मी स्थापत्य अभियंता आहे. पंचवीस वर्षं झाली या कामात. सुरुवातीची साइटवर गेली, नंतरची गळती शोधण्यात. मधली दोन वर्षं आमच्या सोसायटीची सचिवही होते. त्या काळात आम्ही सगळ्या इमारतीला बाहेरून नवा रंग दिला. भेगा भरल्या, प्रायमर मारला, वर रंगाचे दोन हात. ठरावावर सही माझी होती. पुढच्याच श्रावणात माझ्या मुलीच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हिरवट-काळे ठिपके उठले. कपाट सरकवलं तर त्याच्या पाठीचा प्लाय बोटाने दाबताच आत गेला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. जून लागला की तिचा खोकला सुरू व्हायचा आणि दसऱ्यापर्यंत रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुठे ओल आहे का?" मी "नाही" म्हणाले होते. कपाटामागे काय चाललंय ते मला ठाऊकच नव्हतं.

भिंत खरवडली, बुरशीनाशक मारलं, नवा रंग दिला. पुढच्या पावसाळ्यात ठिपके परत आले. तिसऱ्या वर्षी भर पावसात दीड तास गच्चीच्या कठड्यापाशी छत्री धरून उभी राहिले, तेव्हा पाण्याची वाट सापडली. आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. कठड्याच्या माथ्याला उतारच नव्हता. माथ्यावर पाणी थांबायचं, केसाएवढ्या भेगेतून विटांमध्ये मुरायचं आणि आम्ही हौसेने लावलेल्या रंगाच्या आतल्या बाजूने खाली उतरायचं. रंग इतका घट्ट की भिंतीत शिरलेलं पाणी बाहेरच्या उन्हाने उडून जायलाही जागा नव्हती. त्यात खाली एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक खोलीच्या बाजूला उतरतं होतं. दोन्ही दुरुस्त्या चार दिवसांत झाल्या. खर्च रंगकामाच्या बिलाचा अगदी लहानसा तुकडा.

म्हणून हे पत्र. माझी विनंती एकच आहे: पाणी कुठून येतं हे सापडल्याशिवाय रंगाच्या डब्याचं झाकण उघडू नका.

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, तुमच्या-माझ्या प्रत्येक खोलीत. त्यांना दाराबाहेर ठेवता येत नाही. खायलाही त्यांना फारसं लागत नाही. रंगातले सेंद्रिय घटक, वॉलपेपरचा कागद, प्लाय, चामड्याची चप्पल, भिंतीवर बसलेली धूळ, काहीही चालतं. पुण्याचं तापमान त्यांना बारा महिने मानवतं. आपल्या हातात उरतं ते फक्त पाणी. भिंतीवरून पाणी ओघळायलाच हवं असंही नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता सलग काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी बुरशी धरते. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण सुकली, तर बहुतेक वेळा धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात, हे त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. बुरशीचं अमुक इतकं प्रमाण सुरक्षित, असा आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही. ओलच राहू देऊ नका, एवढंच सांगितलं आहे.

आता आपलं पुणं. शिवाजीनगरला वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. वारजे, बावधन, पिरंगुट असं डोंगराकडे सरकत गेलं की वाढत जातो. तो येतो नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर, तिरका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता रोजच ८० टक्क्यांच्या वर असते. बाहेरची हवाच अशी असताना भिंतीत थोडं जरी पाणी मुरलं, तरी ते सुकायला वाव राहत नाही.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेलं. वाड्यात सगळं उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी शहरात शिरलं तेव्हा मातीच्या भिंतींची घरं कशी बसली, ते आजीकडून ऐकतच मी मोठी झाले. पण पावसाशी कसं वागायचं ते त्या बांधणीला माहीत होतं. कौलं भिंतीच्या बाहेर हातभर आलेली असत, पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. चुन्याचा गिलावा ओल शोषायचा आणि ऊन पडलं की सोडूनही द्यायचा. शिवाय ताज्या चुन्याच्या क्षारात बुरशी टिकत नाही. वर झरोके होते, कोंडलेली हवा तिथून निघून जायची. आपल्या इमारतींतून आपण काय काय काढून टाकलं ते एकदा खाली उभं राहून पाहा. दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून खिडकीवरचा छज्जा गेला, किंवा चार बोटांची पट्टी उरली. व्हेंटिलेटर गेले. लाकडी चौकट जाऊन सरकती खिडकी आली. तिच्या खालच्या रुळातली पाणी बाहेर जायची बारीक भोकं सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजलेली मी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत पाहते. रुळात पाणी भरतं आणि सरळ आत सांडतं. मग "खिडकीखालची भिंत फुगते" अशी तक्रार येते आणि तिच्यावर पुट्टी लागते.

नव्या इमारतींत आणखी एक गोष्ट आहे. आरसीसीचा बीम आणि त्याखालची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत उन्हा-थंडीत सारख्या प्रमाणात हलत नाहीत. त्या सांध्यावर गिलाव्याखाली जाळी नीट लावली नसेल, किंवा घाईत गिलाव्यावर पुरेसं पाणी मारलं नसेल, तर बीमच्या खालच्या कडेने आडवी, सरळ भेग पडते. एएसी ब्लॉक पाणी भराभर पितो. आतून जिप्समचा गिलावा असेल तर तो ओलीत मऊ पडतो. हे साहित्य वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. हलकं आहे, काम पटकन होतं. पण बाहेरचं पाणी त्याच्यापर्यंत पोचता कामा नये, आणि ते अडवणारा छज्जाच आपण काढून टाकला आहे.

तुमची सोसायटी नवी असेल तर हे आवर्जून लक्षात ठेवा: रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी तक्रार लेखी हवी, तारखेचे फोटो हवेत. पाचव्या वर्षी अख्ख्या भिंतीला रंग देऊन बसलात तर दाखवायला उरतं काय?

आता ओलीच्या वहीविषयी, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आमच्या सोसायटीत शंभर पानी साधी वही आहे, वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेली. ओल दिसली की सभासदाने तारीख, फ्लॅट, कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, आणि पाऊस सुरू झाल्यापासून किती वेळाने, एवढं लिहायचं. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. जोराच्या सरीनंतर तासाभरात डाग आला तर भिंतीला भेग आहे किंवा खिडकीचा सांधा उघडा आहे. दोन-तीन दिवसांनी आला आणि पाऊस थांबल्यावरही आठवडाभर वाढत राहिला, तर बहुधा गच्चीच्या कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या उताराच्या थरात, पाणी मुरून बसलं आहे. मार्चमध्येही ओल आहे, तर पावसाचा संबंध नाही. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (सांडपाणी जिथून खाली जातं ते तोंड), संक स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) किंवा भिंतीतला पाइप तपासा. तळमजल्याच्या भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा लोणा (क्षारांचा थर) असेल तर पाणी जमिनीतून चढतं आहे. आणि डाग नाहीच, फक्त कपाटामागे, खोलीच्या कोपऱ्यात, पडद्याआड काळे ठिपके आहेत, तर ते पाणी घरातल्या हवेतलं आहे.

खात्री नसेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतली ओल. दोन्हीकडे जमलं तर दोन्ही, आणि असं पुष्कळदा होतं.

हवेतल्या पाण्याकडे आपण सर्वांत कमी पाहतो, म्हणून थोडं सविस्तर. एलपीजी जळला की त्यातून पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटरच्या आसपास पाणी सोडतं. भात-वरणाची, कुकरच्या शिट्टीची वाफ यात धरलेली नाही. त्यात आंघोळीची वाफ, माणसांचा श्वास, आणि पावसाळ्यात घरभर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांच्या एका खेपेतही दोनेक लिटर पाणी सहज असतं. हे सगळं पाणी कुठेतरी जाणारच. डक्ट (वाफ बाहेर नेणारी नळी) नसलेली चिमणी तेल गाळते, वाफ घरातच परत सोडते. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा ज्या शाफ्टमध्ये उघडतो, तो वरून पत्रा टाकून बंद केलेला असतो. ड्राय बाल्कनीला काच लावून तिची खोली केलेली असते. मग बेडरूममध्ये एसी लावतो. २६ अंश तापमानाची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांच्या आसपास थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव सोडते. रात्रभर एसीने गार झालेल्या भिंतीवर सकाळी खिडकी उघडल्यावर नेमकं तेच होतं.

यावर मोठा खर्च नाही. डक्ट बाहेर काढलेली चिमणी, उघड्या हवेत सोडलेला पंखा, बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट म्हणजे पंख्याला ओढायला हवा मिळते. आंघोळीनंतर पंखा अर्धा तास चालू. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे, शक्य झालं तर आतल्या भिंतीला. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. घरातला आकडा ६० टक्क्यांखाली ठेवायचा प्रयत्न करायचा. पावसाळ्यात ते रोज जमणार नाही. पण ६५ आणि ८५ यांत फार मोठा फरक आहे. सभासदांच्या घरात काय करावं हे समितीने ठरवायचं नसतं, खरं आहे. पण सामाईक शाफ्टवरचा पत्रा काढणं समितीच्याच हातात आहे.

वरचा-खालचा हे भांडण मात्र तुमच्यापर्यंत येतंच. "त्यांचं बाथरूम गळतंय" आणि "आमच्या टाइल्स नव्या आहेत, आम्ही फोडणार नाही." यात वर्षं जातात आणि खालच्या घरात बुरशीच्या वासात माणसं झोपतात. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींत हे सुटसुटीत दिलेलं आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेजची गळती, गच्ची, कठडे, यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती त्या सभासदाच्या खर्चाने. अडतं ते गळती नेमकी कशाची हे कुणी शोधत नाही म्हणून. वहीतल्या नोंदी असतील आणि वरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडून चाचणी घेतली, तर निम्मी भांडणं तिथेच थांबतात. मी ती थांबताना पाहिली आहेत. एकदा तर खालच्या काकांनी वरच्या घरी जाऊन माफी मागितली, कारण पाणी निघालं गच्चीच्या पाइपचं.

दुरुस्तीचा क्रमही वरून खाली असतो. आधी गच्ची. कोब्याला मीटरला निदान १ सेंटीमीटर उतार, कठडा आणि कोबा जुळतात तिथे कोपरा भरून काढणारी गोलाई, पाइपच्या तोंडाभोवतीचा सांधा घट्ट, आणि काम झाल्यावर ४८ तास पाणी भरून पाहिल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूला उतार. मग बाहेरच्या भिंती. भेग नुसती वरून लिंपायची नाही, ती खाचून मोकळी करायची आणि लवचिक मसाल्याने भरायची. बीमच्या सांध्यावर गिलावा काढून जाळी. खिडकीच्या सिलला, म्हणजे खालच्या कडेला, बाहेर उतार. ज्या भिंतींवर थेट पाऊस येतो तिथे खिडक्यांवर छज्जा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच, म्हणजे पाणी खालून सरपटत भिंतीपर्यंत न जाता तिथेच ठिबकतं. छज्जा नंतर बसवणं जड असेल तर हलकं धातूचं छप्परसुद्धा चालतं. आमच्या पश्चिमेला तेच आहे. इमारत पंधरा वर्षांची झाली असेल तर उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचंच असतं. त्यात ओलीची वही ऑडिटरच्या हातात द्या. गंजलेली सळई आणि बुरशी एकाच पाण्यावर वाढतात.

रंग सगळ्यात शेवटी. तोही भिंत आतून सुकल्यावर. ऑक्टोबरच्या उन्हात वरून खडखडीत दिसणारी भिंत आत महिनाभर ओली असू शकते. ओल मोजायचं यंत्र ठेकेदाराकडे नसेल तर ते आणायला सांगा. पाण्याच्या वाटा बंद केल्यावर हिवाळा जाऊ द्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग द्या. बाहेरचा रंग पाऊस अडवणारा पण वाफ सोडणारा मागा. आत बुरशी आलेल्या भिंतीवर ऑइलपेंट किंवा वॉलपेपर नको.

जी बुरशी आज घरात आहे तिच्याविषयी थोडंसं. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं, आणि नंतर जागा पूर्ण कोरडी करणं. टाइल, काच, धातू स्वच्छ होतो. मऊ पडलेलं जिप्सम आणि फुगलेला प्लाय काढूनच टाकावा लागतो. ब्लीच वापरणार असाल तर टॉयलेट क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. घरात दम्याचा माणूस असेल तर हे काम त्याने करू नये.

आणि नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या सोसायट्यांना वेगळं सांगायचं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलेलं पाणी आपण विसरलेलो नाही. अशा वेळी गाळ काढून लोक थकून जातात आणि भिजलेल्या गाद्या, प्लायची कपाटं भिंतीला तशीच टेकून राहतात. पुराचं पाणी मैलामिश्रित असतं. भिजलेली गादी वाचवू नका. पाण्याची रेघ जिथे उमटली आहे त्याच्या फूटभर वरपर्यंतचा मऊ पडलेला जिप्समचा गिलावा काढा, पंखे लावून भिंती उघड्याच सुकू द्या, आणि पुन्हा काम करताना खालच्या तीन-चार फुटांत जिप्समऐवजी सिमेंट किंवा चुन्याचा गिलावा, प्लायऐवजी दगडी किंवा धातूच्या मांडण्या करा. तळमजल्यावर राहणारे बहुतेकदा भाडेकरू किंवा वयस्क असतात. त्यांच्याकडे पैसे नसतील तर दुरुस्ती निधी नेमका कशासाठी साठवला आहे, हा प्रश्न सभेत मांडा.

या आठवड्यात एवढं करा. एक वही आणा. पुढच्या मोठ्या पावसाच्या दिवशी समितीतल्या दोघांनी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत फिरावं, प्रत्येक दार वाजवावं, कपाटं सरकवून पाहावीत. भाडेकरूंचीही, घरमालक परगावी असला तरी. लोकांना ओलीची लाज वाटते, भिंतीपुढे पडदा लावून ठेवतात. म्हणून विचारून भागत नाही, पाहावं लागतं. वहीचे रकाने कसे आखायचे, नोंदी कशा वाचायच्या हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर मी रविवारी सकाळी यायला तयार आहे. पैसे घेणार नाही.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद माझ्या मुलीच्या खोलीची आहे: पश्चिमेची भिंत, छतापासून दीड फूट खाली, सर सुरू झाल्यावर चाळीस मिनिटांनी. तिच्याखाली पुढच्या चार पावसाळ्यांच्या तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे, आता तिच्याच अक्षरात, 'कोरडी' असा शब्द.

आपली,
सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची माजी सचिव